लिंबाखालचं निळं बाकडं

ज्या मुलीची पाळी सुरू असेल तिनं सराव न बुडवता तलावावर यायचं आणि काठावरच्या निळ्या बाकड्यावर बसून राहायचं, असा नियम मी केला होता. बाकडं मुलांच्या बाजूला होतं.

चूक एवढीच. सांगायला दोन वाक्यं पुरतात. करायला मात्र मी माझ्याजवळची होती नव्हती ती सगळी अक्कल वापरली होती.

भादवा परत आलाय. जालन्यात भादवा कॅलेंडरात बघावा लागत नाही. पाऊस दम खातो, ऊन पाठीवर येऊन बसतं, वारा पडतो आणि एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचा धूर शहरावर टांगून ठेवल्यासारखा राहतो. त्याला भिजलेल्या लोखंडाचा वास असतो. मोंढ्याकडे मोसंबीच्या गाड्या लागतात. घरोघर महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेनं घासले जातात. शाळांमध्ये स्पर्धांचं वेळापत्रक येऊन पडतं. आणि नेमका या दिवसांत आमचा पोहण्याचा तलाव काठोकाठ भरलेला असतो. एरवी नळाला पाणी कधी येणार हे बघून ज्या गावात पाहुण्यांना बोलावतात, त्या गावात पोहण्याचा मास्तर होणं म्हणजे माळरानावर होडी दुरुस्तीचं दुकान टाकण्यासारखं आहे. उन्हाळ्यात आम्ही कोरड्या तलावाच्या तळाशी उभे राहून हवेत हात मारतो. वरून एखादा म्हातारा वाकून बघतो आणि विचारतो, "काय हरवलं?"

भादव्यात मात्र पाणी असतं. सकाळी कुणी उतरायच्या आधी त्याच्यावर कडुलिंबाची पानं तरंगत असतात आणि क्लोरीनचा वास अजून शिळा झालेला नसतो. मी काठावर उभा राहतो, आणि मला दर वर्षी त्या पाण्यात एक रिकामी जागा दिसते. लोकांना असं काही दिसलं की ते कविता करतात. मी शिट्टी वाजवतो.

मी स्वतः विहिरीत शिकलो. काकांनी पाठीला वाळके भोपळे बांधून ढकललं होतं. भोपळे सुटून एका दिशेला गेले, मी दुसऱ्या. भोपळे बुडाले नाहीत हे ठीक, पण मीही बुडालो नाही, याचं काकांना इतकं नवल वाटलं की त्यांनी माझं शिक्षण खेळाच्या बाजूनं न्यायचं ठरवलं. पुढं पदवी घेतली, स्नायूंची नावं पाठ केली, हृदयाचे ठोके मोजायला शिकलो. मुलींना पाळी येते हे त्या पुस्तकांत होतं की नाही, आठवत नाही. असलं तर परीक्षेला विचारलं नसणार.

त्यामुळं नोकरीची पहिली काही वर्षं मी मुलींच्या दांड्यांवर संशोधन करण्यात घालवली. दर महिन्याला ठराविक मुली ठराविक दिवस गायब. कुणाचं पोट दुखे, कुणाचा कान फुटे. एका मुलीची आजी तर माझ्या कारकिर्दीत तीनदा वारली. चौथ्यांदा वारली तेव्हा मला गलबलून आलं आणि मी सांत्वनाला त्यांच्या घरी गेलो. दार आजीनंच उघडलं. मला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "पोरगी बाजूला बसलीया. चार दिवस न्हाई यायची. तुमाला म्हाईत न्हाई का?"

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. ती गणिताची शिक्षिका आहे, एखादं उदाहरण सुटलं नाही तर तिला करमत नाही. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "इतकी वर्षं पोरींना शिकवताय, आणि हे आज कळलं?"

मला राग आला. तिचा नाही, त्या प्रथेचा. घराच्या कोपऱ्यात, वेगळ्या ताटात, वेगळ्या चटईवर बसणाऱ्या माझ्या पोरी डोळ्यांपुढं आल्या. मी ठरवलं की हे आपण मोडायचं. त्या आठवड्यात मी स्वतःला सुधारक समजत होतो. आरशात बघताना डोक्यावर पगडी नाही एवढंच खटकत होतं. बायकोला विचारलं असतं तर तिनं पोळी तव्यावर टाकायच्या आत उत्तर दिलं असतं. पण त्या आठवड्यात मला विचारायचं सुचणार नव्हतं, फक्त सांगायचं सुचत होतं.

आषाढातल्या एका सकाळी मी सगळ्या मुलींना काठावर उभं केलं आणि उडी मारायच्या ब्लॉकवर चढून भाषण केलं. त्यात पाळी हा शब्द एकदाही आला नाही. "तो प्रॉब्लेम", "ते दिवस", "तुमची ती अडचण", असं करत करत मी नियमापर्यंत आलो. त्या दिवसांत घरी लपून बसायचं नाही, इथं यायचं, पाण्यात नको तर बाकड्यावर बसायचं, हातात स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्यांच्या वेळा घ्यायच्या. लाजायचं काय त्यात. मुली सगळ्या खाली फरशीकडं बघत होत्या. मला वाटलं, पटलं.

बाकडं शाळेच्या अडगळीतून आणलं होतं, निळा रंग मी स्वतः दिला. ठेवायचं कुठं? तलावावर सावली एकच, लिंबाची. लिंब मुलांच्या बाजूला. आजारी माणसाला उन्हात कसं बसवायचं, एवढी माया माझ्यात होती. म्हणून बाकडं लिंबाखाली गेलं. मुलांची उडी मारायची रांग त्या बाकड्याला लागूनच उभी राहायची.

त्या वर्षी माझ्याकडं कावेरी होती. हे तिचं नाव नाही. लिहायचं तर नाव आणि काही खुणा बदलून लिहा, असं तिनं मला बजावलंय आणि कावेरी हे नावही तिनंच दिलंय. गोदावरीच्या काठच्या मुलीला कावेरी म्हणणं हा भूगोलातला घोटाळा तिचा आहे. माझ्या नावावर आधीच बरेच आहेत.

ती शहागडची, नववीतली. वडिलांचं हायवेवर ट्रकच्या पंक्चरचं दुकान. पंक्चर काढलेल्या ट्यूबा नदीच्या पाण्यात दाबून बघायच्या, कुठून बुडबुडे येतात का, हे दुकानातल्या पाण्याच्या लोखंडी टोपल्यात होण्यासारखं काम बाप-लेक नदीवर जाऊन करायचे. त्या ट्यूबांवर पालथी पडून ती पोहायला शिकली. तिला घेऊन आले तेव्हा वडील मला म्हणाले, "सर, आमची पोरगी ट्यूबा तपासता तपासता पवायला शिकली. हिचं काई होतंय का बघा." मी म्हणालो, उतरवा. ती उतरली. मान ताठ वर, हनुवटी पाण्याच्या वर, आणि खाली हातपाय असे चालत होते की समोरचं पाणी आपण होऊन बाजूला होत होतं.

"मान आत घाल," मी ओरडलो. "म्हैस पोहते तशी काय पोहतेस?"

ती काठाला आली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाली, "म्हैस कधी बुडली व्हय सर?"

तिला जालन्यातल्या शाळेत घातलं. राहायला मावशीकडं, मावशी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. वडिलांनी जाताना मला बाजूला घेऊन अट घातली होती. "विभागाला नंबर लागला तर दहावी, अकरावी, बारावी, पवू द्या तिला. न्हाई लागला तर गावाकडंच शिकंल. मावशीवर किती दिवस भार टाकायचा?" मी म्हणालो, लागणारच. मला खात्री होती. श्रावण उजाडायच्या आत ती थोरल्या मुलींना मागं टाकू लागली होती. इतर मुली पोहताना पाण्याचा आवाज होतो. कावेरी पाण्यात गेली की आवाज बंद व्हायचा. भिंतीला पाय लावून ती आतल्या आत सरकायची, इतका वेळ, की नवा माणूस काठावर घाबरून उभा राहायचा. मग भलत्याच ठिकाणी तिचं डोकं वर यायचं, आणि ती इकडंतिकडं बघायची. कुणीतरी हाक मारून उठवल्यासारखी.

बाकड्यावर ती एकदाच बसली. डोक्यावर टॉवेल, गुडघे घट्ट, हातात मी दिलेलं स्टॉपवॉच. मुलांची रांग शेजारीच. त्यातल्या दहावीतल्या एकानं पोट धरलं, चेहरा वाकडा केला आणि म्हणाला, "सर, माझंबी पोट दुखून राह्यलं. मीबी बसू का बाकड्यावर?"

रांग हसली. मलाही हसू आलं. मला वाटलं, आळशी पोरगा आहे, सराव टाळतोय. म्हणून मी म्हणालो, "तुला बाकडं कशाला? तू पाण्यातसुद्धा बसूनच पोहतोस." मग तर सगळा तलाव हसला. आपला विनोद चांगला झाला म्हणून मी दिवसभर खुशीत होतो; संध्याकाळी तो बायकोलाही ऐकवला. ती हसली नाही. गणिताच्या माणसांना विनोद उशिरा कळतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो विनोद तिला माझ्या आधी कळला होता, हे मला फार नंतर समजलं.

त्यानंतर कावेरी बाकड्यावर कधी दिसली नाही. श्रावणात तिनं एक दिवस चुकवला नाही. काही सकाळी ती काठावरून जपून उतरायची, सगळ्यांच्या शेवटी पाण्याबाहेर यायची आणि कपडे बदलायच्या खोलीत खूप वेळ लावायची. मी ते बघितलं होतं. बघून काय केलं? सगळ्या पोरींना उभं करून तिचं कौतुक केलं. "बघा. कावेरीला कधी अडचण येत नाही. मन घट्ट असलं की शरीर ऐकतं." पोरी पुन्हा फरशीकडं बघत होत्या. कावेरीही.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या आणि विभागाच्या निवड चाचण्याही. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे घरातल्या बायकांचा सगळा वर्षाचा जीव त्या तीन दिवसांत अडकलेला असतो. सोवळं, पुरण, सोळा भाज्या, फुलोरा. त्या दिवसांत घरात कुणाला पाळी येऊन चालत नाही. म्हणून आठवडाभर आधीपासून मेडिकलमध्ये बायका येतात, नाव न घेता "ती गोळी" मागतात, आणि दुकानदारही काही न विचारता पट्टी कागदात गुंडाळून देतो. हे सगळं मला माहीत होतं. आमच्या घरीही ती पट्टी यायची, डब्यांच्या फळीवर हळदीशेजारी असायची. इतक्या वर्षांत ती मला औषध वाटलीच नव्हती. पूजेच्या सामानातलीच एक वस्तू वाटायची.

कावेरी महालक्ष्म्यांना गावी गेली आणि चाचण्यांच्या आदल्या दिवशी परत आली. तिचं तोंड उतरलं होतं. मुलींसोबत शाळेतल्या एक बाई यायच्या होत्या, पण त्यांच्या घरचे सणाचे पाहुणे अजून हलले नव्हते. मी मोठ्या मनानं म्हणालो, "बाई, तुम्ही थांबा. मी आहे की. पोरी काय मला नवीन आहेत?"

सकाळी एसटीनं संभाजीनगरला निघालो. बदनापूरच्या पुढं कावेरीनं खिडकीतून ओकारी काढली. मी तिला आवळासुपारी दिली आणि म्हणालो, "टेन्शन आहे, दुसरं काही नाही." ती म्हणाली, "हो सर."

शर्यत सुरू झाली तेव्हा ती पुढं होती. भिंतीला पाय लावून वळली आणि नेहमीसारखी आत सरकली, तेव्हा मी शेजारच्या मास्तरांना कोपरानं ढोसून म्हणालो, "आता बघा." डोकं वर आलं ते लवकर आलं. दोन-चार हात मारले, मग हात जड झाले. बाकीच्या एकेक करून तिच्या पुढून गेल्या. ती शेवटपर्यंत आली खरी, पण भिंतीला हात लावला नाही. लेनची दोरी धरली आणि तिथंच थांबली. बाकीच्या मुली वर चढल्या, टॉवेल गुंडाळून गेल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. ती हलली नाही.

मी पळत गेलो. "काय झालं? पायात गोळा आला का?"

ती म्हणाली, "सर, तुम्ही जा."

"अगं वर ये, पुढची शर्यत लागायचीय."

"तुम्ही जा ना सर."

पुन्हा शिट्टी. मग मी जे करायला नको तेच केलं. गॅलरीकडं वळून मोठ्यानं विचारलं, "इथं कुणी डॉक्टर आहे का?" तोवर निम्म्या लोकांचं लक्ष नव्हतं. आता सगळे उठून बघायला लागले.

गॅलरीतून एक बाई उतरून आल्या. दुसऱ्या कुठल्या तरी मुलीची आई असावी. खांद्यावर चादर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाण्याकडं बघितलं, कावेरीकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्ही आधी तोंड तिकडं करा."

मी तोंड फिरवलं. समोर सगळी गॅलरी. मागं पाण्याचा आवाज, त्या बाईंचं "ये माय, धर माझा हात, कुणी न्हाई बघत" असं हळू बोलणं. आणि समोर शे-दीडशे माणसं आमच्याकडंच बघतायत. इतके डोळे एकदम अंगावर आले तर माणूस काय करतं हे मला तिथं कळलं. फरशीकडं बघतं.

परतीच्या गाडीत कावेरी खिडकीशी बसली. मी सवयीनं एक-दोन किस्से सांगितले. माझा काकांच्या भोपळ्यांचा किस्सा कधी पडत नाही. त्या दिवशी पडला. गाडीत फक्त काचा वाजत होत्या. बदनापूर आलं तेव्हा ती एकदाच बोलली. "नंबर न्हाई ना आला सर?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." तिला पुढचं वर्ष नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फक्त मी ते न बोलण्याइतका भित्रा होतो.

ती गावी गेली ती आलीच नाही. पितृपक्षात मी शहागडला गेलो. पंक्चरच्या दुकानात वडील टोपल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होते. त्यांनी मान वर केली, स्टूल पुढं सरकवलं आणि परत बुडबुड्यांकडं बघू लागले. रस्त्यावरून ट्रक गेले की टोपल्यातलं पाणी थरथरायचं. घर मागंच होतं. आईनं चहा आणला. कावेरी आत होती; भांड्यांचा आवाज येत होता, आणि मी बोलायला लागलो की तो थांबायचा.

मी म्हणालो, "असं होतं कधी कधी. तिच्या अंगात खेळ आहे. एका दिवसावरून…"

"एक दिवस न्हाई सर," आई म्हणाली. तिनं पदर सारखा केला आणि सगळं सांगितलं. बाकडं. ते पोट धरणारं पोरगं. श्रावणात ती तशीच पाण्यात उतरायची, पॅड पाण्यानं फुगून जड व्हायचं, म्हणून सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायची. आणि गोळ्या. "महालक्ष्म्यांसाठी म्याच दिल्त्या. सगळ्याच बाया घेतात. सण झाल्यावर बंद कर म्हणलं. हिनं पट्टीतल्या उरलेल्या तशाच घेतल्या, पोटात ढवळून आलं तरी घेतल्या. त्याच्यानं थांबतं का कधी बराबर? मधीच आलं. म्या ईचारलं, का घेतल्या गं? तर म्हणली, देवीला चालतंय, मंग सरांना न्हाई का चालायचं?"

चहा निवला होता. मी तरी प्यायलो. काही तरी करायला हवं होतं.

"आमच्या घरीबी बाजूला बसवतो आम्ही," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण चार भिंतींत बसवतो. तुम्ही पोरांसमोर बसवली."

"मला वाटलं, लाज मोडेल," मी म्हणालो.

"कोणाची?"

आत भांडी पुन्हा वाजायला लागली. मी वडिलांना म्हणालो, एक वर्ष द्या, मावशीशी मी बोलतो. त्यांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली, पुसली. "सर, म्या म्हणलं होतं नंबर लागला तर. पर ते जाऊ द्या. आज ती हो म्हणली तर मी आजच्या आज गाडीवर आणून सोडतो. तिलाच न्हाई यायचं." मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी हाक मारली, "बाई, सर आलेत. येती का?" भांडी थांबली. आम्ही थांबलो. एक कंटेनर गेला, त्याच्या मागं एक टँकर. मग भांडी परत सुरू झाली.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं, या वेळी विनोद न करता. तिनं तपासायच्या वह्या मिटल्या. मग म्हणाली, "उद्या बाकडं हलवा. परवा नको."

आता तलावावर पुष्कळ काही बदललंय आणि त्यातलं जवळजवळ काहीही मी सुचवलेलं नाही. मुलींना शिकवायला फरहाना मॅडम आल्या. त्या स्वतः स्पर्धेत पोहलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलींना आणि त्यांच्या आयांना वेगळं बसवलं, मला बाहेर काढलं आणि दार लावलं. खिडकीतून मला त्यांचा आवाज येत होता आणि त्यात "पाळी" हा शब्द "पाणी" म्हणावं इतक्या साधेपणानं येत होता. पाळीत पोहता येतं. पॅड पाण्यात चालत नाही. कप असतो, टॅम्पॉन असतो, ज्यांना ते हवं त्यांना कसं वापरायचं ते दाखवू, ज्यांना नको त्यांच्यावर जबरदस्ती नाही. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीही घ्यायची नाही, देवीसाठीही नाही आणि सरांसाठीही नाही. हे शेवटचं त्यांनी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं असावं.

पाण्यात उतरायचं नसलं तर कारण सांगावं लागत नाही. रोज काही मुलं आणि काही मुली काठावरच्या पायऱ्यांवर व्यायाम करतात, आलटून पालटून, त्यामुळं कोण कशासाठी बाहेर आहे हे कुणाला कळत नाही. इतकी साधी गोष्ट. मी काही वर्षं रोज त्याच पायऱ्या चढत उतरत होतो.

माझ्याकडं मुलींसाठीच्या पॅडचं कपाट भरायचं काम दिलंय. पहिल्यांदा मेडिकलमध्ये गेलो तेव्हा धीट वाटावं म्हणून मी इतक्या मोठ्यानं पॅड मागितले की शेजारी खोकल्याचं औषध घेणारा माणूस औषध न घेताच निघून गेला. दुकानदारानं पुडकं काळ्या पिशवीत घातलं. मी म्हणालो, काळी पिशवी नको. तो म्हणाला, "मंग कोणती?" मी पुडकं पिशवीतून बाहेर काढलं. ते दोन्ही हातांत धरून, मिरवणुकीत पालखी धरावी तसा, भर बाजारातून तलावापर्यंत चालत आलो. फरहाना मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी साधं आणा. कुणाला दाखवायचं नाही, कुणापासून लपवायचं पण नाही. नुसतं आणा." मी अजून शिकतोय. परवा एक सहावीतली मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, कपाटातले संपलेत," आणि ओल्या पायांनी पळाली. मी मेडिकलकडं निघालो.

तरीही भादवा आला की एखादी गळते. कुणाची आई म्हणते, आता मोठी झाली. कुणाच्या घरी कप या शब्दावरूनच वाद होतात. महालक्ष्म्यांच्या आधी मेडिकलसमोर बायका उभ्या असतात आणि त्यांच्यातच माझ्या पोरींच्या आया दिसतात. मी ओळख दाखवत नाही, त्याही दाखवत नाहीत. तलावात पाणी असतं, ऊन असतं, पाण्यावर लिंबाची पानं असतात. सुंदर दिवस असतात हे. मला ते सोसत नाहीत.

याच महिन्यात अंबडला खेळशिक्षकांचं शिबिर होतं. अशा शिबिरांत मला बोलावतात, कारण मी बाकड्याचा किस्सा रंगवून सांगतो. ब्लॉकवर चढून दिलेलं भाषण, चार वेळा वारलेली आजी, काळी पिशवी. लोक पोट धरून हसतात. मग मी आवाज खाली आणतो, त्या मुलीची शर्यत सांगतो, तेव्हा हॉल चिडीचूप होतो. कुठं थांबायचं हे मला आता बरोबर कळतं. शेवटी टाळ्या पडतात. त्या दिवशीही पडल्या.

माझ्यानंतर आरोग्य केंद्रातल्या नर्सताई बोलणार होत्या. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मी बघितलंही नव्हतं. त्यांचं बोलणं संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"ओळखलं का सर?"

चेहऱ्यावरून नाही, मान ताठ धरायच्या पद्धतीवरून ओळखलं. मी म्हणालो, "कावेरी." म्हणजे तिचं खरं नाव घेतलं.

"चांगलं सांगता सर," ती म्हणाली. "लोकं लई हसली."

इतकी वर्षं जे विचारायचं होतं तेच मी विचारलं. "पोहतेस का अजून?"

"न्हाई."

"नदी तर घराजवळच आहे."

"हाय की. पाणीबी हाय." तिनं चहाचा घोट घेतला. "पुलावरून जाते ना रोज ड्युटीला. बघते."

मी म्हणालो, "तुझं नाव मी कुठंच घेत नाही."

"नाव न्हाई घेतलं म्हणून काय झालं? या हॉलात माझ्याच तालुक्याचे मास्तर बसलेत. निम्म्यांना म्हाईत हाय ती कोण. आता माझं भाषण चालू होतं तवा ते माझ्याकडं कसं बघत होते, ते तुम्ही न्हाई बघितलं. तुम्ही चहा पीत होते."

मी म्हणालो, "आता नाही सांगणार. एकदा लिहून टाकतो, तुला दाखवून. मग बंद."

तिनं उरलेला चहा संपवला. "लिहा. एखाद्या मास्तरच्या कामाला येईल. नाव बदला. काय काय बदलायचं ते मी सांगते." मग कप खाली ठेवला, पर्स खांद्याला लावली, आणि माझ्याकडं सरळ बघत, आवाज जराही न चढवता म्हणाली,

"पाळी मला आल्ती सर. गावोगाव सांगत तुम्ही फिरून राह्यले."